वातीवरचा फ्रीज

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गावात पहिला फ्रीज आला तो कुणा सावकाराच्या घरी नाही, तर सरकारी दवाखान्यात. ही गोष्ट १९८०च्या आसपासची. तेव्हा हिंगोली हा जिल्हा नव्हता. आम्ही परभणी जिल्ह्यातले. गावात विजेचे खांब उभे राहिले होते, तारा ओढल्या गेल्या होत्या. पण वीज मात्र लग्नाच्या रुसलेल्या पाहुण्यासारखी, आली तर आली. तरीही तो फ्रीज रात्रंदिवस चालू असायचा, कारण तो विजेवर नव्हताच. तो चालायचा रॉकेलवर.

आम्ही पोरं शाळा सुटली की दवाखान्याच्या खिडकीला लटकायचो. कंपाउंडरमामा गुडघे टेकून फ्रीजच्या पायथ्याशी बसलेले असायचे. खालची सपाट टाकी ते सरकवून बाहेर काढायचे, रॉकेल भरायचे, वातीची काजळी कापडाने पुसायचे, कात्रीने वात सारखी करायचे आणि काडी ओढायचे. ज्योत दिसावी म्हणून खाली एक लहानसा आरसा बसवलेला होता. त्यात निळी ज्योत दिसली की मामांचा चेहरा खुलायचा. पिवळी दिसली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि याच कपाटाचं दार उघडलं की आत बर्फ! माझ्या आजीला मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चुलीवर कुणी बर्फ करतं का रे? काहीतरीच सांगतोस."

आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता. आग लावून गारवा करायचा, ही कल्पना आजही ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पुढे कॉलेजात थोडं विज्ञान शिकलो आणि तिला समजावून सांगता येईल असं उत्तर सापडलं, तेव्हा आजी राहिली नव्हती. आज ते उत्तर तुम्हाला सांगतो. त्या उत्तराचा इतिहास स्वीडनमधून सुरू होऊन आमच्या नर्सीच्या दिंडीपर्यंत येतो, म्हणून सांगण्यात मजाही आहे.

सुरुवात माठापासून करू. माठाचं पाणी गार का होतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं तेही याच कारणाने. निजामाच्या काळात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. इंग्रज अंमलदारांच्या अशा बंगल्यांतून त्या काळी 'आबदार' नावाचा एक नोकर असायचा. सोरा पाण्यात विरघळला की पाणी थंडगार होतं. त्या पाण्यात बाटल्या फिरवून पेयं गार करणं हे त्याचं काम. ज्याला हे परवडत नव्हतं, त्याच्यासाठी रांजण आणि माठ होतेच.

पण माठाला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो गार करतो, गोठवत नाही. दुसरी मर्यादा आपण सगळे दर वर्षी अनुभवतो. चैत्र-वैशाखात तो उत्तम काम करतो, पण आषाढ लागला, हवा ओलसर झाली, की माठ नुसता भिजून बसतो. हवाच पाणी प्यायलेली असते, ती माठाचं पाणी कुठून पिणार?

ज्यांना खरा बर्फ हवा होता त्यांनी तो चक्क जहाजातून आणला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचं जहाज १८३३ साली तिथल्या गोठलेल्या तळ्यांतला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. वाटेत बराच वितळूनही शंभरेक टन उरला होता. पुढच्याच वर्षी हा बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि नंतर यजमानाला आणि पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिल्याचं सांगितलं जातं. मराठवाड्यातल्या माणसाला या सर्दीचा हेवाच वाटावा!

इकडे ही जहाजं ये-जा करत असताना युरोपात मात्र लोक वेगळ्याच वाटेने निघाले होते. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात एका वाकड्या काचेच्या नळीत अमोनिया वायूचं द्रव करून दाखवलं होतं. नळीच्या एका टोकाला अमोनिया शोषून बसलेली पावडर होती. ती तापवली की अमोनिया बाहेर पडून गार टोकाशी द्रव होऊन साठायचा. तापवणं थांबवलं की तो द्रव पुन्हा उकळून वायू व्हायचा आणि पावडरीत परत जायचा, आणि उकळताना ते टोक गारठून जायचं. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या नळीत आहे. आग बर्फ करत नाही. आग फक्त अमोनियाला त्याच्या जागेवरून उठवते. गारवा होतो तो अमोनिया परत जाताना.

याच तत्त्वावर फर्डिनांड कारे या फ्रेंच माणसाने १८५९मध्ये यंत्र बनवलं. पावडरीऐवजी त्याने साधं पाणी घेतलं, कारण पाण्याला अमोनियाची विलक्षण ओढ आहे. १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात हे यंत्र बर्फाच्या लाद्या पाडताना लोकांनी पाहिलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेतून दक्षिणेला जाणारा तळ्यांचा बर्फ बंद झाला आणि दक्षिणेकडच्या लोकांनी नाकेबंदी चुकवून कारेची यंत्रं आत आणली. पण ही यंत्रं कारखान्याची होती, घरात ठेवण्याजोगी नव्हती. त्यांना पंप लागायचे, माणूस लागायचा.

घरातला फ्रीज आला तो दोन विद्यार्थ्यांमुळे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकत होते. १९२२मध्ये त्यांनी असा फ्रीज करून दाखवला, की ज्यात पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. नुसत्या बंद नळ्या आणि खाली उष्णता. त्यांची युक्ती मला फार आवडते, कारण ती थेट आपल्या माठाची आहे.

नळ्यांमध्ये त्यांनी तीन पदार्थ भरले: पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. खालच्या ज्योतीने अमोनिया मिसळलेलं पाणी तापतं. बुडबुड्यांबरोबर पाणी आणि अमोनिया वर चढतात. पाणी मध्येच वेगळं होऊन परत फिरतं, अमोनिया पुढे जातो. फ्रीजच्या मागे पत्र्याच्या पट्ट्या असतात, तिथे तो हवेला उष्णता देऊन द्रव होतो आणि गार कप्प्याच्या नळीत ठिबकतो. तिथे त्याची गाठ हायड्रोजनशी पडते. हायड्रोजन त्याच्याशी कुठलीही क्रिया करत नाही, पण त्याच्यासाठी तो कोरड्या वाऱ्याचं काम करतो. माठावरचं पाणी जसं वाऱ्यात उडून जातं तसा हा अमोनिया हायड्रोजनमध्ये उडून जातो आणि कप्प्याची उष्णता ओढून घेतो. मग हे मिश्रण जड होऊन खाली उतरतं. खाली पाणी वाटच पाहत असतं, ते अमोनियाला पिऊन टाकतं. हलका झालेला हायड्रोजन पुन्हा वर जातो. असं हे चक्र, विहिरीवरच्या रहाटासारखं, ज्योत आहे तोवर चालू. म्हणजे माठच, पण हवाबंद आणि बारमाही. बाहेर आषाढ असो की वैशाख, आतला वारा कोरडाच.

इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने १९२५मध्ये हा शोध विकत घेतला आणि हे फ्रीज जगभर पोचवले. आवाज नाही, वीज नसली तरी चालतो. गॅस, रॉकेल, विजेची शेगडी, उष्णता कुठूनही आली तरी त्याची तक्रार नाही.

इथे एक थोर नाव येतं आणि ते आमच्या जिल्ह्याशीही जोडलं गेलं आहे, म्हणून थोडं थांबतो. त्या काळच्या मोटरवाल्या फ्रीजमध्ये विषारी वायू असत. १९२६च्या सुमारास बर्लिनमध्ये असा वायू गळून झोपेतच एक कुटुंब दगावल्याची बातमी आली. ती वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन अस्वस्थ झाले. लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर ते बिनहलत्या भागांचे फ्रीज घडवायला बसले. वर्षानुवर्षं त्यांनी हे काम केलं. त्यांच्या एका फ्रीजला अमेरिकेचं पेटंट मिळालं ते नोव्हेंबर १९३०मध्ये. सापेक्षतेचा सिद्धांत सांगणारा माणूस फ्रीजच्या नळ्यांचे नकाशे काढतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यांच्या कामातलं काही इलेक्ट्रोलक्सने विकत घेतलं, पण बाजारात त्यांचा फ्रीज कधी आला नाही. त्याच सुमारास फ्रिऑन नावाचा बिनविषारी वायू निघाला आणि मोटरवाले फ्रीज पुढे निघून गेले. त्या फ्रिऑनने आकाशातल्या ओझोनचं काय केलं, हे पन्नास वर्षांनी कळलं.

आणि आमच्या जिल्ह्याशी नातं असं, की याच आइन्स्टाइननी १९१६मध्ये वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी भारतातली वेधशाळा, लायगो-इंडिया, औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. पत्रकार येतात, गुरुत्वीय लहरींवर लिहितात. त्यांच्या फ्रीजची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी काढली.

मोटरवाल्या फ्रीजने शहरं जिंकली. ज्योतीच्या फ्रीजला मग दोनच ठिकाणं उरली, आणि ती एकमेकांपासून किती लांब! एक म्हणजे सुट्टीला निघालेले युरोप-अमेरिकेतले लोक. मोटारीच्या मागे चाकांचं घर ओढत ते रानात जाऊन राहतात. तिथे वीज नाही, म्हणून गॅसचा फ्रीज. त्याचंच लहान रूप म्हणजे उचलून नेता येईल अशी पेटी. ती घरच्या विजेवर, गाडीच्या बारा व्होल्टवर आणि गॅसवर, अशी तिन्हींवर चालते. दुसरं ठिकाण म्हणजे आमच्यासारख्यांचे दवाखाने. १९७९च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून इलेक्ट्रोलक्सच्या लक्झेंबर्गमधल्या कारखान्याने लसींसाठी फ्रीज बनवायला घेतले. काही वीज आणि गॅसवर चालणारे, काही वीज आणि रॉकेलवर. म्हणजे एकाला आत बिअर ठेवायची होती, दुसऱ्याला गोवराची लस. मागची नळ्यांची जाळी मात्र तीच.

आपल्याकडे लसीला गारव्याची अडचण जुनी आहे. मुंबईत देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा लस उन्हात मरायची, म्हणून एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडाला, अशी माणसांच्याच साखळीने ती पुढे न्यावी लागे. देवी शेवटी गेली ती गोठवून सुकवलेल्या लसीमुळे. ती पूड उन्हातही टिकायची. भारतातला इथला शेवटचा रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला. पण पोलिओ, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या लसींना गारवा हवाच. अंशात सांगायचं तर दोन ते आठ. १९७८मध्ये देशाचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५मध्ये तो सार्वत्रिक झाला, आणि लसीबरोबर 'शीतसाखळी' हा शब्द गावोगाव गेला. कंपाउंडरमामांची वात ही त्या साखळीची आमच्या गावातली कडी होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे रॉकेलचे फ्रीज गेले. त्यांच्या जागी बर्फाचं अस्तर असलेले विजेचे फ्रीज आले. त्यांना दिवसात आठ तास वीज मिळाली तरी उरलेला वेळ अस्तरातला बर्फ निभावून नेतो. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे ते आठ तास मिळवणंही कर्मकठीण होतं. सिस्टर रात्री दोनला उठून फ्रीजचा आकडा पाहायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १३ जानेवारी २०११ला देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४मध्ये आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं गेलं. त्या दिवशी मला आधी आठवला तो मामांचा आरसा.

पण ज्योतीच्या फ्रीजची माझी खरी ओळख दवाखान्यात झाली नाही, वारीत झाली.

२०१३ सालची आषाढी. आमच्या आत्याबाई तेव्हा सत्तरीच्या. नर्सी म्हणजे नामदेव महाराजांचं जन्मगाव, तिथून निघून पायी पंढरपूर गाठायचं, हा त्यांचा नेम. त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी दोन वेळचं इन्सुलिन सुरू केलं होतं. घरच्यांनी वारी बंद असं फर्मान काढलं. आत्याबाई जेवेनात. शेवटी परदेशात नोकरी करणारा त्यांचा नातू सुट्टीवर येताना ती तिहेरी पेटी घेऊन आला. चाळीसेक लिटरची, पंधरा-सोळा किलो वजनाची. दिंडीच्या सामानाच्या टेम्पोत पेटी ठेवायची, तिच्यात महिनाभराचं इन्सुलिन, आणि पेटीचा मुकादम मी. कॉलेजात विज्ञान शिकल्याचा तोटा!

पहिली फजिती दुसऱ्याच मुक्कामाला. दिवसा टेम्पो चालू असताना पेटी गाडीच्या बॅटरीवर लावलेली. रात्री ती काढून गॅसवर लावायची, हे मी विसरलो. ही पेटी बारा व्होल्टवर सहा-सात अँपिअर खाते आणि कुठे थांबायचं हे तिला कळत नाही. दहा तासांत बॅटरी कोरडी. पहाटे टेम्पो चालू होईना. काकड्याची वेळ, विणेकरी पुढे उभे, आणि सगळी दिंडी नामगजर करत टेम्पो ढकलते आहे. आत्याबाई लांबून म्हणाल्या, "माझ्या औषधापायी पांडुरंगाला थांबवलंस की रे." तेव्हापासून नियम केला. इंजिन बंद, की बॅटरीची वायर हातात.

मग गॅस. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला होता. ही पेटी दिवसाला पाव ते तीनशे-साडेतीनशे ग्रॅम गॅस जाळते, म्हणजे दोन आठवडे सहज. पण तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने रेग्युलेटर दिला तो हॉटेलच्या भट्टीचा, जास्त दाबाचा. पेटीवरच्या पट्टीवर स्पष्ट ३० मिलिबार लिहिलेलं होतं. आपल्या घरगुती गॅसचा रेग्युलेटर नेमका तेवढाच दाब देतो. पट्टी मी वाचलीच नव्हती. ज्योत लांब, पिवळी, भुरभुर करणारी. रात्रभरात धुराड्यात काजळी धरली आणि पेटी बाहेरून तापून आतून कोमट. मला एकदम मामा आठवले. निळी ज्योत, तर काम बरोबर. पिवळी, तर सगळं पहिल्यापासून. सकाळी घरगुती रेग्युलेटर लावला, धुराडं काढून झाडलं, जळक्या नळीवर साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. ज्योत निळी झाली. हा उद्योग कायम उघड्यावर, टेम्पोच्या बाहेर करायचा. बंद जागेत ही ज्योत हवेतला प्राणवायू संपवते आणि विषारी वायू साठतो. चालत्या गाडीत तर गॅस लावायचाच नाही.

तरी दोन दिवसांनी पेटी पुन्हा रुसली. ज्योत निळी, सिलिंडर भरलेला, आणि आत गारवा नाही. मी नळ्यांना हात लावून पाहतोय, खालचं टोक तापलेलं, वर काहीच नाही. दिंडीत वसमतकडचे एक गवंडी होते. ते माझी धडपड बघत होते. त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि न बोलता पेटीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. आम्ही पेटी शेताच्या बांधावर तिरकी ठेवली होती. मघाशी सांगितलं ना, या फ्रीजमध्ये पंप नाही. द्रव नळीतून खाली उतरतो तो केवळ उताराने. पेटीच तिरकी असली तर तो मध्येच तुंबतो. गवंड्यांनी दोन दगडी चिपा सारून पेटी समपातळीत आणली आणि दोन-तीन तासांत आत गारवा आला. स्टॉकहोमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी हे पाहिलं असतं तर त्या गवंड्यांना नक्की हस्तांदोलन केलं असतं. त्या दिवसापासून दर मुक्कामी पेटी उतरवली की पाणसळ आधी.

आता खरी गोष्ट सांगतो. परळीच्या पुढे बालाघाटाच्या डोंगरात मुक्काम होता. दिवसभर पाऊस, रात्री गार वारा. मी मनात खूश, की आज पेटीला त्रास नाही. सकाळी झाकण उघडलं, तर कप्प्याच्या पत्र्याला टेकलेल्या दोन कुप्या गोठलेल्या. मी हातात घेऊन चोळल्या, पाघळल्या. दिसायला पूर्वीसारख्याच. आत्याबाई दंड पुढे करून बसलेल्या. मी एक क्षण थांबलो. खरं सांगायचं तर टोचून मोकळा होणार होतो. पण बरोबरच्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टर मुलीला दाखवलं, तर तिने त्या दोन्ही कुप्या काढून घेतल्या. इन्सुलिन गोठलं की गेलं. पाघळल्यावर ते पूर्वीसारखं दिसेल, पण भरवशाचं उरत नाही. साखर चढत जाते आणि माणसाला वाटतं, औषध तर चालू आहे.

चूक कुठे झाली? या पेट्या ठरावीक अंशावर गार होत नाहीत. त्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंचवीस ते तीस अंश खाली जातात. बाहेर तेहेतीस असेल तर आत पाच-सहा, म्हणजे औषधाला झकास. बाहेर वीस झालं की आत शून्याखाली. आणि आमच्या मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस असेल तर आत तेरा ते अठरा. लसीला ते पुरत नाही. गॅसवर लहान पेट्यांना बहुधा आपोआप बंद होणारा काटाही नसतो, फक्त कमी-जास्त ज्योत. थंड देशातल्या सुट्टीसाठी केलेलं यंत्र आपण आपल्या हवेत आणतो, तेव्हा ते दिवसा कमी पडतं आणि रात्री जास्त होतं.

घरी परतल्यावर ही गोष्ट मी एका निवृत्त सिस्टरांना सांगितली, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, आम्ही पण आयुष्यभर लस गरम होईल म्हणूनच घाबरलो. गोठली तर जास्त चांगली राहील, असंच लोकांना वाटायचं." ट्रिपल, धनुर्वात, कावीळ-ब या लसी गोठल्या की निकामी होतात. मग कुपी हलवून शेजारी ठेवायची आणि गढूळपणा खाली किती लवकर बसतो ते पाहायचं, अशी परीक्षा त्यांना शिकवली होती. ज्योतीच्या फ्रीजचा हा ताबा नसलेला गारवा हेच कारण झालं, की जागतिक आरोग्य संघटनेने लसींसाठी त्यांना मागे सारलं आणि थेट सूर्याच्या उजेडावर चालणारे फ्रीज पुढे आणले. आता तर २०१५पासून सुरू झालेल्या ई-विन व्यवस्थेत फ्रीजचा आकडा बिघडला की फोनवर संदेश जातो. रात्री दोनला उठणाऱ्या सिस्टरांची झोप त्या संदेशाने किती वाचवली असेल!

वारीतल्या त्या डॉक्टर मुलीने आत्याबाईंची सोय काय केली, तेही ऐका. गोठलेल्या दोन कुप्या टाकल्या. न उघडलेल्या चांगल्या कुप्या तिने पुठ्ठ्यात गुंडाळून पेटीच्या मधोमध, पत्र्यापासून लांब ठेवायला लावल्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या. पाणी भराभर गार होत नाही, भराभर तापतही नाही. रात्री ज्योत सर्वांत बारीक, आणि हवा फार गार असेल तर बंद. चालू असलेली कुपी मात्र पेटीत ठेवायचीच नाही. ती एका लहान मडक्यात, मडकं ओल्या फडक्यात, सावलीला. उघडलेली कुपी अशी महिनाभर चालते, असं ती म्हणाली. तेव्हा मला ते धाडसाचं वाटलं होतं. पुढे २०२१मध्ये केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानावरून जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केलेला अभ्यास वाचला. पंचवीस ते सदतीस अंशांच्या दरम्यान चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनचा गुण टिकून राहिल्याचं त्यात दिसलं. तरी आपल्या औषधाचं आपल्या डॉक्टरांनाच विचारा. माझ्या भाषणावर कुणी कुपी मडक्यात ठेवू नका.

आत्याबाई त्या वर्षी पंढरपूरला पोचल्या. चंद्रभागेत पाय बुडवून बसल्या असताना मी विचारलं, "काय मागितलंत?" म्हणाल्या, "मागायचं काय? तुझ्या त्या पेटीला सुबुद्धी दे म्हटलं."

पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात ताकासाठी काढली, तर ज्योतच धरेना. खोलून पाहिलं, तर कुंभारमाशीने बर्नरच्या नळीत मातीचं घर बांधलेलं. ते फुंकून, स्पिरिटने धुऊन काढलं. गॅसच्या बारीक तोटीत सुई मात्र घातली नाही, भोक मोठं झालं की ज्योत पुन्हा पिवळी. ज्योत निळी झाली, पण गारवा येईना. पाणसळ ठेवली, ती बरोबर. मग जुन्या मिस्त्री लोकांचा शेवटचा उपाय केला. गॅस काढून पेटी चक्क डोक्यावर उभी केली आणि रात्रभर तशीच ठेवली, म्हणजे नळ्यांत तुंबलेलं द्रव हलावं. सकाळी सरळ करून आणखी काही तास नुसती ठेवली. कधी हा उपाय लागू पडतो, कधी नाही. अमोनियाचा उग्र वास आला किंवा नळीवर पिवळी पूड दिसली, तर मात्र हात न लावता ती पेटी निकालात काढायची.

वास नव्हता, पूड नव्हती. संध्याकाळी वऱ्हाड आलं तेव्हा ताक गार होतं.